गजर नको, उजेड पुरे

"दार लावा! आधी दार लावा!"

काळोखातून कुणीतरी ओरडलं आणि तिनं घाबरून दार लावून टाकलं. आतून. आता कुणीही शहाणा माणूस बाहेर राहून दार लावेल की नाही? पण नोकरीचा पहिला दिवस, हातात गळकी छत्री... अशा वेळी शहाणपण घरीच राहतं.

"लावलं?" काळोखानं विचारलं.

"लावलं."

 मग जरा दबकत, "तुम्ही... आत आहात?"

"हो."

"आत कशाला आलात?"

"छत्री ठेवायला. शेवटचं दार म्हणाले."

"हे शेवटून दुसरं. ही अंधाराची खोली आहे."

"ते दिसतंय," ती म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे... दिसत नाहीये."

काळोख हसला. मोकळं, छान हसला. "आता वीस मिनिटं दार उघडता येणार नाही हं. दिव्याची मोजणी चालू आहे. मध्येच बाहेरचा उजेड आत आला तर सकाळपासूनचं काम पाण्यात. डावीकडे स्टूल आहे. जपून, पायात वायर येईल."

ती चाचपडत बसली. छत्रीचं पाणी टप् टप् फरशीवर पडत होतं, आणि समोर कुणीतरी श्वास घेत होतं, एवढंच कळत होतं. मग केव्हातरी... नेमकं केव्हा, ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही... काळोख पातळ झाला. आधी नुसता तांबूस भास. मग टेबलाची कड. मग एक हात, हातात पेन्सिल, दुमडलेली बाही. उजेड इतक्या सावकाश येत होता की त्या माणसाचा चेहरा तिला हप्त्याहप्त्यानं मिळाला: हनुवटी, मग ओठ, मग चष्मा, आणि चष्म्याच्या आत दोन डोळे. तेही तिच्याकडेच बघत होते.

म्हणजे तिचा चेहराही त्याला तसाच मिळत असणार. हे लक्षात आल्यावर ती लाजून छत्रीशी चाळा करायला लागली. त्याची पेन्सिल चौदाव्या मिनिटाला थांबली होती ती थांबलीच. पुढचे सगळे आकडे लिहायचे राहून गेले.

आणि तेवढ्यात तो दिवा किंचाळला. कर्रर्र... अशी आरोळी की ती स्टुलावरून उठलीच. छत्री एकीकडे, चप्पल एकीकडे.

"अगं बाई! हे काय?"

"गजर," तो म्हणाला. आणि वर अभिमानानं, "माझाच आहे."

झाली ती अशी ओळख. त्या दोघांचं पुढचं सगळं भांडण त्या गजरावरूनच होणार होतं, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

कंपनी म्हणाल तर केवढीशी! छपाईच्या दुकानाच्या वर दोन मोठ्या खोल्या, तीन छोट्या, आणि माणसं अकरा. त्यातली आठ इंजिनिअर. कंपनी बनवायची एकच वस्तू: उशाशी ठेवायचा दिवा. सांगितलेल्या वेळेच्या आधी वीस मिनिटं तो हळूहळू उजळायला लागायचा, खोलीत पहाट करायचा आणि माणसाला अलगद उठवायचा. उजेड पूर्ण झाला आणि तरीही कुणी बटण दाबलं नाही, तर मग गजर. कल्पना गोड होती. पण पहिले तीनशे दिवे विकले गेले आणि त्यातले एकशे दहा परत आले.

"का परत येतात ते या घरात कुणालाच कळत नाही," कंपनी ज्यांनी उभी केली त्या मॅडम तिला म्हणाल्या. त्या ऑफिसला घरच म्हणायच्या. "म्हणून तुला घेतलंय. प्रॉडक्ट मार्केटिंगमधलं आमचं पहिलं माणूस. तुझ्या वर त्या कामातलं कुणी नाही, खाली कुणी नाही. विचारायला कुणी नाही. तीन महिने देते. दिवे परत यायचे थांबले तर तू कायम. नाहीतर स्पष्टच सांगते, ही जागा बंद करून मी अजून एक इंजिनिअर घेईन."

स्पष्टपणा म्हणावा तर असा! तिला खिडकीशेजारचं टेबल मिळालं, एक फोन मिळाला आणि सगळ्यांकडून "जाहिरातबाई" हे नाव मिळालं. तिचं काम काय, ते कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी म्हणे खोक्यावरचा मजकूर लिहिणार, कुणी म्हणे वाढदिवसाचे केक आणणार. दुपारी डबा उघडला की आईचा फोन.

"जेवलीस का? आज किती विकलेस?"

"आई, मी विकत नाही गं. कुणाला हवंय, कशासाठी हवंय, ते शोधून काढते."

"म्हणजे दारोदार फिरतेस?"

"फोनवर फिरते."

"बरं बाई. ऊन लागू देऊ नकोस."

अंधाराच्या खोलीतल्याला सगळे "उजेडवाला" म्हणायचे. दिव्यातला उजेड त्यानं बसवलेला. दुसऱ्याच दिवशी तो तिच्या टेबलाशी आला आणि एक कागद ठेवून उभा राहिला. दिव्याचे गुण. एकूण एक्केचाळीस.

तिनं वरपासून खालपर्यंत वाचला. "सुंदर आहे. एक अक्षर कळलं नाही."

"कुठलं?"

"सगळीच. हे तुमच्या आईला कळेल?"

"माझ्या आईला वाटतं मी बल्ब बदलायला जातो."

"माझ्या आईला वाटतं मी दारोदार दिवे विकते."

"मग चांगलंच जमेल की," तो म्हणाला. आणि काय जमेल, कुणाचं जमेल, ते अर्धवट सोडून तोच कावराबावरा झाला. कान लाल करून निघून गेला बिचारा.

तिनं मग ठरवलं, विचारायला वर कुणी नाही ना, मग ज्यांनी दिवा परत केला त्यांनाच विचारू. एकशे दहा नावं. रोज दहा फोन; जो उचलणार नाही त्याला पुन्हा. एक जाड वही केली: डावीकडे माणूस काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, उजवीकडे तिला काय वाटलं ते. लोक वैतागायचे, फोन आपटायचे. काही मात्र बोलायला लागले की थांबायचेच नाहीत, आणि तीही थांबवायची नाही.

साडेचारला उजेडवाला दोन कप चहा घेऊन यायचा. अगदी सहज आल्यासारखा. रोज.

"आज किती जणांनी शिव्या दिल्या?"

"सहा. त्यातल्या चार तुम्हाला होत्या."

"मग माझ्या वाटणीच्या मला द्या. तुम्ही का खाता?"

"नको. चहा कडू होईल."

खिडकीबाहेर पाऊस भुरभुरत असायचा. खालून छपाईयंत्राचा ठेका यायचा, आणि तो कप हातात धरून, एक घोट घ्यायला पाच मिनिटं लावत, तिची वही उलटी वाचायचा प्रयत्न करायचा. तिला हसू यायचं. पण तीही वही मिटायची नाही, नुसती थोडी त्याच्याकडे सरकवायची... थोडीच.

पाचव्या आठवड्यात वेगळाच फोन लागला. बाई नर्स होती, पहाटेच्या पाळीला जाणारी. तिनं दिवा परत केला नव्हता. नंबर चुकून यादीत आला होता.

"परत कशाला करू? ठेवलाय मी," नर्स म्हणाली. "फक्त गजराचं तोंड बंद केलंय. आत कापूस कोंबलाय."

"कापूस?"

"मग काय! दिव्यानं मी उठते, तोंड धुवायला जाते, बटण दाबायचं राहून जातं. आणि मागे हा बोंबलतो. बाळ जागं, हे जागे, शेजारीपाजारी जागे. अहो, मला उठायचंय, त्यांना कशाला उठवू? आधीचा गजर काय वाईट होता मग? हा दिवा मी घेतला तोच मुळी घर झोपलेलं राहावं म्हणून." ती जरा थांबली. आवाज मऊ झाला. "आणि एक सांगू? त्या उजेडात दोघं झोपलेले इतके छान दिसतात ना... मी रोज दोन मिनिटं बघते आणि मग उठते. दिवसभर पुरतं तेवढं."

 फोन ठेवल्यावर तिनं वही सुरुवातीपासून काढली आणि पानं भराभर उलटली. बसचा ड्रायव्हर: "बायको जागी होते." लेकुरवाळी बाई: "पोर रडतं." बेकरीवाला: "आई आजारी, तिची झोप मोडते." सगळे तेच सांगत होते, आणि तिनं उजवीकडे लिहिलं होतं 'आवाज मोठा आहे'. आवाज मोठा नव्हताच. आवाजच नको होता! हा दिवा उशिरा उठणाऱ्या आळशी तरुणांसाठी नव्हता. ज्यांना जिवाभावाच्या माणसाची झोप न मोडता उठायचं असतं, त्यांच्यासाठी होता. तिनं एका कोऱ्या पानावर लिहिलं: तुम्ही उठा. घर झोपू दे.

चहा आला. तिनं ते पान त्याच्यापुढे धरलं. डोळे लकाकत होते तिचे. "गजर काढून टाकायचा!"

उजेडवाल्याचा चेहरा एकदम पडला. "काढायचा? छे! तो जीव आहे दिव्याचा."

"जीव? त्याच्यामुळे दिवे परत येतायत!"

"आणि उद्या कुणाला जागच आली नाही तर? कुणाची परीक्षा बुडाली, कुणाची गाडी चुकली, तर नाव कुणाचं? माझ्या दिव्याचं. नुसत्या उजेडानं माणूस उठतो यावर माझा विश्वास नाही."

"तुमचाच दिवा ना हो?"

तो चहा तसाच ठेवून गेला. त्यानंतर दोन दिवस चहा आला नाही. साडेचार वाजायचे, तिची नजर दाराकडे जायची आणि हात हलवत परत यायची. दोन दिवसांत फोन केले सतरा आणि मनापासून एकही नाही. काय हे, ती स्वतःलाच रागवायची, नोकरी टिकवायला आलीस की चहा प्यायला?

तिसऱ्या दिवशी तो तिला जिन्यात भेटला. भेटला म्हणजे काय, वाटच बघत होता. पाऊस उघडला होता आणि जिन्याच्या खिडकीतून ओलं, पिवळं ऊन पायऱ्यांवर आलं होतं.

"एक सांगायचंय. हसायचं नाही."

"बघू."

"मी... दिव्यानं उठत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सात महिने तो दिवा माझ्या उशाशी आहे. चाचणी मीच घेतली, माझ्यावरच. एकदाही उठलो नाही. खोलीत लख्ख उजेड आणि मी घोरतोय. शेवटी गजर वाजला की उठतो. म्हणून मी गजर मोठा केला. मग अजून मोठा केला."

ती हसली नाही असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप. ती हसता हसता पायरीवरच बसली, डोळ्यांतून पाणी आलं. आणि मग एकदम गप्प झाली, कारण मागचं सगळं तिला लख्ख दिसलं. चाचणी एकाच माणसावर झाली होती, आणि तो नेमका कुंभकर्ण निघाला होता!

"मॅडमना माहीत आहे?"

"कुणालाच नाही. तुलाच सांगितलं."

'तू' कधी आलं ते दोघांच्याही उशिरा लक्षात आलं. कुणीच ते मागे घेतलं नाही.

सोमवारी बैठक होती. तिनं मॅडमपुढे वही ठेवली. सत्तेचाळीस माणसांचं म्हणणं वाचून दाखवलं, नर्सचा कापूस सांगितला, ते वाक्य दाखवलं. इंजिनिअर मंडळी खुर्चीत चुळबुळ करायला लागली. मॅडम मात्र हलल्या नाहीत.

"ऐकायला गोड आहे," त्या म्हणाल्या. "पण आपली चाचणी सांगते की गजराशिवाय माणूस उठत नाही. सात महिन्यांची चाचणी आहे. तुझे सत्तेचाळीस फोन खरे धरू की ती?"

आता बघा. उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होतं. एक वाक्य, आणि बाजी तिची. तीन महिन्यांतले पाच आठवडे संपले होते, हातात दुसरं काही नव्हतं. तिनं समोर पाहिलं. तो मान खाली घालून पेन्सिल फिरवत होता. त्यानं ते जिन्यात तिला सांगितलं होतं. बैठकीत नव्हे.

"मला चाचणीबद्दल बोलता येणार नाही, मॅडम," ती हळूच म्हणाली.  "मला माणसांबद्दल सांगता येतं. ती खोटं बोलत नाहीयेत."

"मग राहू दे गजर," मॅडमनी फाइल मिटली.

"मॅडम." पेन्सिल खाली पडली. उजेडवाला उभा राहिला होता, कान लालबुंद. "चाचणी चुकीची आहे. ती... ती मी आहे."

आणि त्यानं सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर. घोरण्यासकट. खोलीत इतकं हसू फुटलं की खालचा छपाईवाला वर येऊन बघून गेला. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"सात महिने तू मला तुझ्या झोपेचा अहवाल देत होतास?"

"हो, मॅडम."

"आणि तुला हे माहीत होतं?" त्या तिच्याकडे वळल्या. तिनं मान डोलावली. मॅडम तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "स्टोअरमध्ये आठशे दिवे आहेत. सगळे उघडा. गजर झोपवा. ज्याला हवा तो चालू करून घेईल. खोक्यावर हिचं वाक्य. आणि तू, उद्यापासून चाचणी वीस घरांत. तुझं घर सोडून."

मग काय विचारता! सगळं ऑफिस कारखाना झालं. एकेका दिव्याचे चार स्क्रू काढायचे, वायर जोडायची, गजर बंद करायचा, परत स्क्रू. तो उघडायचा, ती बंद करून खोक्यावर चिठ्ठी चिकटवायची. दुपारभर समोरासमोर. त्याच्या हातून दिवा घेताना बोटं लागायची. पहिल्या दिवशी दोघंही "सॉरी" म्हणाले. तिसऱ्या दिवशी कुणीच म्हणालं नाही. पाचव्या दिवशी दिवा हातातून हातात जायला उगाच वेळ लागायला लागला...

"गप्प का राहिलीस?" त्यानं एकदा विचारलं.

"कधी?"

"बैठकीत. तू सांगितलं असतंस तर लगेच जिंकली असतीस."

"तुला हरवून?"

तो काहीतरी बोलणार होता. ओठ उघडलेही. पण मग खाली बघून पुढचा स्क्रू काढायला लागला. असं एकदा झालं, दोनदा झालं, दहादा झालं. चहा येत होता, गप्पा होत्या, छत्री एकच घेऊन बसस्टॉपपर्यंत जाणं होतं, पण ते एक वाक्य काही येत नव्हतं. घोडं कुठे पेंड खातंय तेच तिला कळेना. कदाचित आपलंच मन वेडं, असं म्हणून ती खिडकीशी डोकं टेकून बसमधून घरी जायची, आणि ओल्या काचेवर शहरातले दिवे वितळताना बघत राहायची.

तिसरा महिना संपला त्या दिवशी मॅडमनी तिला आत बोलावलं. नव्या खोक्यांतले चारशे दिवे विकले गेले होते. परत आले होते सात. त्यातला एक फुटका होता.

"नर्सच्या हॉस्पिटलमधून अजून साठांची मागणी आली आहे," मॅडम म्हणाल्या आणि पत्र पुढे सरकवलं. "तू कायम. आणि हे बघ, मला पटवायला तुझ्याकडे सोपा रस्ता होता. तू तो घेतला नाहीस, हे मी विसरलेली नाही. लोक तुला खरं का सांगतात ते मला त्या दिवशी कळलं."

ती बाहेर आली ती हवेतच. पत्र दोन्ही हातांत. आणि जिन्यात, पायऱ्यांवर, तो उभा.

"मिळालं?"

"मिळालं!"

"कायम?"

"कायम!"

"हुश्श," तो म्हणाला आणि भिंतीला टेकला. "मग आता बोलतो. माझं तुझ्यावर प्रेम आहे. पहिल्या दिवसापासून, चौदाव्या मिनिटापासून."

  खरं सांगायचं तर, तिला रागच आला.

"आणि तीन महिने गप्प का बसलास? मी काय काय विचार करत होते!"

"आधी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, उजेडवाल्यानं तिच्यासाठी बैठकीत कबुली दिली. तिनं काही केलं नाही, तिला हे त्याच्यामुळे मिळालं. हे पत्र तुझं एकटीचं असायला हवं होतं. माझा त्यावर एक डागही नको होता."

"आणि मी नापास झाले असते तर? बोललाच नसतास?"

"त्याच दुपारी बोललो असतो. तुझी वही, तुझा कप, सगळं उचलून तुझ्याबरोबर खाली आलो असतो."

 तिचे डोळे भरून आले, पत्रावरची अक्षरं पुसट झाली. किती बोलायचं होतं तिला, तीन महिन्यांचं साठलेलं... पण तेवढ्यात फोन वाजला. दुपारचा. आईचा. तिनं त्याच्याकडे बघितलं, त्याचा हात धरला आणि फोन उचलला.

"जेवलीस का गं?"

"आई, नोकरी कायम झाली."

"अगं बाई! थांब, बाबांना सांगते... अहो, ऐकलंत का, कायम झाली!"

"आई, थांब. अजून एक आहे." तिनं त्याचा हात आणखी घट्ट धरला. "रविवारी जेवायला एकाला घेऊन येते. मला तो... मला तो फार आवडतो, आई."

 पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज. आई बसली असावी.

"कसा आहे?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो श्वास रोखून उभा होता, चष्मा घसरलेला, कान लाल.

"खरं बोलतो," ती म्हणाली. "फक्त सकाळी काही केल्या उठत नाही."

"इश्श," आई म्हणाली आणि हसायला लागली. "तुझे बाबा तरी तीस वर्षांत कुठे उठलेत! आण त्याला."